शुद्ध पेट्रोल नावाचं काही नसतं

पेट्रोल पंपावरचा पोरगा नोझल उचलता उचलता ठरलेलं वाक्य म्हणतो, "झिरो बघा साहेब." आपण बघतो, मान हलवतो आणि मग रकमेचे आकडे पळताना बघत बसतो. त्याच मीटरवर किंवा शेजारच्या फळ्यावर आणखी एक आकडा असतो: घनता, म्हणजे डेन्सिटी. तिकडे सहसा कोणाचंच लक्ष जात नाही.

एका मे महिन्यात दुपारी पंपावर गर्दी नव्हती, म्हणून मी घनता मोजून दाखवा म्हटलं. तो ग्राहकाचा हक्क आहे. मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या, पण सगळं सामान आणलं: पाचशे मिलिलिटरचा काचेचा जार, हायड्रोमीटर (तरंगत घनता दाखवणारी काचेची नळी), थर्मामीटर आणि पानांचे कोपरे दुमडलेलं तक्त्यांचं पुस्तक. जारमध्ये पेट्रोल घेतलं, हायड्रोमीटर अलगद सोडला, तो डुचमळून स्थिर झाल्यावर उकिडवं बसून डोळा पेट्रोलच्या पातळीला आणला. आकडा आला 728, म्हणजे घनमीटरला 728 किलो. तापमान 35 अंश. तक्त्यात बोट फिरवून तो म्हणाला, "पंधरा अंशाला 745. टँकरच्या चलनावर 744 आहे. तीनपर्यंत फरक चालतो." तापमान एका अंशाने वाढलं की पेट्रोल फुगतं आणि त्याची घनता साधारण 0.85 ने उतरते. त्यामुळे सगळे आकडे 15 अंशांवर आणूनच ताडून बघायचे असतात. (पहाटे गार हवेत पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हा आपल्याकडचा लाडका समज. टाकी जमिनीखाली असते, दिवसभरात तिचं तापमान हलत नाही म्हटलं तरी चालेल. झोपा खुशाल.)

मी खूश होऊन निघालो. पेट्रोल शुद्ध आहे याची खात्री पटली होती. नंतर हिशेब मांडून बघितला तेव्हा कळलं की पटायला नको होती. भेसळीला वापरतात त्या रॉकेलची घनता 800 च्या घरात असते, हलक्या नाफ्थाची (कच्च्या तेलातून निघणारा हलका भाग) 690 च्या घरात. दोन्ही निम्मे निम्मे घेतले तर? 745. हायड्रोमीटर बिचारा तेच सांगेल जे त्याने मला सांगितलं.

मुळात गडबड 'शुद्ध' या शब्दातच आहे. पाणी शुद्ध असू शकतं, कारण पाणी हा एक पदार्थ आहे. पेट्रोल हा पदार्थ नव्हे, ते मिश्रण आहे. चार कार्बनपासून बारा कार्बनपर्यंतचे शेकडो हायड्रोकार्बन त्यात असतात, आणि हे मिश्रण जमिनीतून तयार होऊन येत नाही. मुंबईपासून 160 किलोमीटरवर, भर समुद्रात, 1974 साली 'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगने मुंबई हायला तेल शोधलं. ते हलकं आणि कमी गंधकाचं तेल, जगातल्या चांगल्या तेलांत बसणारं. पण त्यातून नुसत्या उकळण्याने जो पेट्रोलसारखा भाग निघतो, तो आजच्या गाडीत घातला तर गाडी रडेल. माहुलच्या रिफायनऱ्या 1954-55 पासून उभ्या आहेत. तिथे काय किंवा कुठेही काय, खरं काम उकळण्यानंतर सुरू होतं. एका युनिटात प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नाफ्था नेऊन त्यातले सरळ रेणू वळवून कडी करतात. दुसऱ्यात जड तेलाचे लांबलचक रेणू तोडतात. तिसऱ्यात सरळ रेणूंना फांद्या फोडतात. मग हे सगळे प्रवाह ठरावीक प्रमाणात एकत्र. गोडा मसाला जसा घरोघरी वेगळा, तरी आमटीत पडला की गोडा मसालाच, तसं पेट्रोल रिफायनरीगणिक वेगळं. म्हणून 'यात काय काय आहे' यापेक्षा 'हे वागतं कसं' हे विचारायचं.

वागण्यातली पहिली गोष्ट म्हणजे जळणं. कसारा घाटात गाडी चौथ्या गिअरमध्ये ओढत ठेवली की बॉनेटखालून खिळे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. ठिणगी पडल्यावर आग एका टोकाकडून दुसरीकडे शिस्तीत पसरायला हवी. पण पलीकडच्या कोपऱ्यात दाबाने आणि उष्णतेने घुसमटलेलं मिश्रण आपला नंबर येण्याआधीच पेट घेतं, आणि त्या धक्क्याने पिस्टनवर हातोडी बसते. हेच नॉकिंग. पेट्रोल याला किती दाद देत नाही, ते मोजण्यासाठी 1920 च्या दशकात दोन संयुगं मोजपट्टीची टोकं म्हणून निवडली गेली. सरळ साखळीचं हेप्टेन म्हणजे शून्य, फांद्यांनी भरलेलं आयसो-ऑक्टेन म्हणजे शंभर. यातलं शून्यवालं हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या चिकातून काढत. जगभरच्या पेट्रोलची मोजपट्टी एका देवदाराच्या भाऊबंदापासून सुरू व्हावी, हे मला फार आवडतं.

चाचणी अजूनही त्याच घराण्यातल्या इंजिनावर होते. एकच सिलिंडर, मिनिटाला 600 फेरे, आणि चालू असताना दाब कमी-जास्त करण्याची सोय. नमुना जिथे खुळखुळायला लागतो, तिथेच खुळखुळणारं हेप्टेन-ऑक्टेनचं मिश्रण शोधायचं. 91 म्हणजे ते 91 टक्के आयसो-ऑक्टेनसारखं वागलं, त्यात तेवढं ऑक्टेन असतं असं नव्हे. तेच इंजिन 900 फेऱ्यांवर आणि जास्त गरम हवेवर चालवलं की आकडा कमी येतो. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात, आपल्याकडे पहिला आकडा. न्यू जर्सीतला भाऊ "आमच्याकडे 87 चं मिळतं" म्हणाला तर त्याची कीव करू नका. ते आपल्या मोजणीने साधारण 91 च आहे.

ऑक्टेन वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय 1921 च्या डिसेंबरात थॉमस मिजली याला सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घालायचं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. तरी पाऊण शतक ते जगभरच्या मुलांच्या फुप्फुसांत गेलं. त्याची पाठराखण संपवण्यात क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. तो मोजत होता पृथ्वीचं वय, आणि प्रयोगशाळेत जिकडे तिकडे शिसंच सापडतं म्हणून वैतागला होता. भारतात सबंध देशभर शिसेविरहित पेट्रोल 2000 सालच्या फेब्रुवारीपासून आलं. मुलांची काळजी हे एक कारण होतंच. पण धूर साफ करायला धुराड्यात बसवलेल्या उत्प्रेरकाला शिसं मारून टाकतं, हे दुसरं कारण, आणि माझ्या मते गाडीवाल्यांना तेच जास्त पटलं.

वागण्यातली दुसरी गोष्ट उकळणं. रॉकेल इथे पकडलं जातं. प्रयोगशाळेत शंभर मिलिलिटर नमुना चंबूत घेऊन हळूहळू तापवतात, वाफ थंड करून मोजपात्रात गोळा करतात आणि दर दहा मिलिलिटरला थर्मामीटर वाचतात. पहिला थेंब कधी पडला, निम्मं कधी आलं, शेवटचं कधी. पाणी शंभर अंशांवर अडून बसतं, पेट्रोल मात्र जिना चढल्यासारखं वर वर जात राहतं. 210 अंशांपर्यंत सगळं संपायला हवं, असं भारतीय मानक सांगतं. रॉकेल तर उकळायला सुरुवातच करतं 150 च्या आसपास आणि 250 च्याही पुढे जातं. घनतेचं गणित नाफ्था घालून जुळवता येतं, ही शेपटी लपवणं त्याहून कितीतरी अवघड. अडचण एवढीच की हा चंबू पंपावर नसतो. रेशनचं रॉकेल पेट्रोल-डिझेलच्या मानाने मातीमोल होतं तेव्हा या अडचणीवर टोळ्या पोसल्या गेल्या. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ अशाच एका टोळीने जिवंत जाळलं.

गंधकाची गोष्ट मात्र चोरीची नाही, सुधारणेची आहे, आणि त्यातही एक गंमत आहे. 1996 च्या आधी आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. मग प्रदूषणाची 'भारत स्टेज' (बीएस) मानकं आली: बीएस-चारला 50 भाग, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहाला फक्त 10. मधली पाचवी पायरी आपण गाळलीच. आखाती तेलात गंधक भरपूर. ते काढायला साडेतीनशे अंशांच्या आसपास, प्रचंड दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन सोडतात. गंधक हायड्रोजनला चिकटून वायू होतो आणि पुढे पिवळ्या गंधकाच्या रूपात वेगळा निघतो.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये असं जवळपास गंधकमुक्त डिझेल आलं आणि गाड्यांचे इंधनपंप धडाधड झिजायला लागले. खापर आधी गंधकावर फुटलं: तेच वंगणाचं काम करत असणार. तसं नव्हतं. गंधकाला हुसकावण्याच्या धुमश्चक्रीत ऑक्सिजन आणि नायट्रोजनची जी थोडीशी संयुगं धातूला चिकटून पातळ थर धरत होती, तीही धुऊन निघाली होती. म्हणून आता डिझेलची एक वेगळीच परीक्षा असते. सहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी 60 अंशांच्या डिझेलमध्ये बुडवलेल्या चकतीवर दोनशे ग्रॅम वजनाने दाबतात आणि सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे घासतात, तेही सव्वा तास. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवरचा ओरखडा मोजतात. 460 मायक्रॉनपेक्षा मोठा निघाला तर डिझेल नापास. पास व्हावं म्हणून रिफायनरी त्यात वंगणाचं रसायन थेंबाथेंबाने मिसळते. आधी जीव तोडून साफ केलं आणि मग मुद्दाम काहीतरी घातलं. याला शुद्ध म्हणायचं की भेसळ?

आणि आता इथेनॉल. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला ते सांगायला नको. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल म्हणजे ऑक्टेनची चैन, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या आसपास. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे वीस टक्क्यांचा हिशेब कागदावर सहा-सात टक्के कमी ऊर्जेवर येतो. मायलेज पडल्याची तक्रार करणारे सगळेच खोटं बोलत नाहीत, आणि "निम्मं मायलेज गेलं" म्हणणाऱ्यांनी दुसरं कारण शोधावं.

मला जास्त रस आहे पाण्यात. जुन्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते मुकाट तळाशी बसायचं. इथेनॉलला पाण्याची ओढ. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे साधारण पाच मिलिलिटर पाणी पोटात घेऊन वरून नितळ दिसतं, वीस टक्क्यांचं त्याहून जास्त घेतं. मग मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली जातं. टाकीत दोन थर होतात: वर ऑक्टेन गमावलेलं पेट्रोल, खाली पाणी आणि दारू. नोझलला जाणारा पाइप तळाच्या जवळूनच ओढतो.

जुलैत त्याच पंपावर गेलो तेव्हा धो धो पाऊस होता आणि तोच मॅनेजर छत्री मानेत धरून टाकीच्या झाकणापाशी उभा होता. लांब पितळी डिप रॉडच्या टोकाला त्याने बोटाने पेस्ट फासली. ही पेस्ट पाणी लागलं की रंग बदलते. मात्र साधी पेस्ट पाणी-इथेनॉलच्या थराला फसू शकते, म्हणून आता त्यासाठी वेगळी येते. त्याने रॉड तळाला टेकवला, मनात दहा मोजले, वर काढला आणि टोक माझ्यासमोर धरलं. रंग बदलला नव्हता. मग रॉड पुसून वहीत आकडा लिहिला, छत्री माझ्या हातात दिली आणि झाकणाच्या रबराची खाच अंगठ्याने चाचपून बघायला खाली वाकला.