कुरवांनी टोपी घातली की

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी उतरायला लागली की वर कुरवांची, म्हणजे सीगल पक्ष्यांची, झुंबड उडते. डिसेंबरात हे पक्षी पांढरेफटक असतात. डोळ्यामागे तेवढा काजळाचं बोट पुसल्यासारखा एक काळपट ठिपका. फेब्रुवारी सरत आला की त्या ठिपक्याभोवती डाग दिसू लागतात, डोकं मळल्यासारखं होतं, आणि शिमग्याची पालखी घरोघरी फिरेपर्यंत निम्म्याअधिक कुरवांच्या डोक्यावर गळ्यापर्यंत ओढलेली तपकिरी टोपी आलेली असते. तिथे टोपली घेऊन बसणाऱ्या एका मावशींनी मला हे पहिल्यांदा दाखवलं. “टोपी घातल्यान् की समजायचा, आता चालले गावाला.”

गाव कुठलं, ते मावशींनी विचारलं नव्हतं आणि तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं गाव लडाख-तिबेटकडे आहे. त्सो कर, त्सो मोरिरी अशा साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तलावांकाठी तो घरटी करतो. म्हणजे शिमग्याला मुंबईचा चाकरमानी रत्नागिरीत उतरतो आणि त्याच सुमारास हा चाकरमानी रत्नागिरीतली नोकरी आटपून गावी निघायची तयारी करतो.

टोपीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पीस एकदा पूर्ण वाढलं की ते आपल्या केसासारखंच निर्जीव असतं. त्यात आतून नवा रंग भरता येत नाही. रंग बदलायचा तर जुनं पीस गाळून नवं उगवावं लागतं, आणि कुरव नेमकं तेच करतो, मुख्यतः डोक्यापुरतं. मधल्या काळातलं ते मळकट डोकं म्हणजे अर्धवट बदललेली पिसं. शेजारी काळ्या डोक्याचा कुरवही असतो. उन्हात नीट पाहिलं तर त्याचं डोकंसुद्धा काळं नाही, गडद चॉकलेटी आहे, त्यामुळे नावावर जाऊ नये. उडताना पंखांची टोकं बघावीत. टोकाच्या काळ्या रंगात ठसठशीत पांढरे ठिपके असतील तर तो तपकिरी डोक्याचा. आणि बारीक चोचीचा कुरव टोपी घालतच नाही, तेव्हा मेमधल्या पांढऱ्या डोक्याच्या कुरवाकडे बघून लगेच काही ठरवू नका.

आता खरा प्रश्न. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लडाखचे तलाव गोठलेले असतात. तिथली खबर मिरकरवाड्यात पोचायची काही सोय नाही. इकडे म्हणावा असा ऋतुबदलही नाही. बर्फ वितळत नाही, समुद्र बारा महिने कोमट, झाडं सगळी एकदम पालवत नाहीत. मग निघायची वेळ झाली हे कुरवाला कळतं कुठून?

याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली ती कॅनडातल्या कडाक्याच्या थंडीत. १९२४-२५च्या हिवाळ्यात विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि रोज संध्याकाळी थोडा जास्त वेळ विजेचे दिवे लावले. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली होता, तरी त्या पक्ष्यांची वृषणं वसंतात वाढतात तशी वाढली. थंडी-ऊब बाजूला पडली, दिवसाची लांबी महत्त्वाची ठरली. पुढे १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बनुआ यांनी बदकांवर प्रयोग केले आणि त्यांतून निघालेली गोष्ट मला आजही चमत्कारिक वाटते. बदकाला डोळ्यांनी उजेड दिसला नाही तरी दिवस मोठा झाल्याचं त्याच्या शरीराला कळतं. पक्ष्याच्या पातळ कवटीतून उजेड थेट आत झिरपतो आणि मेंदूच्या खोल भागातल्या, हायपोथॅलॅमसमधल्या, प्रकाश ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते. एरवी टाचणीच्या डोक्याएवढी आक्रसलेली वृषणं शेकडो पटींनी वाढतात, गळा गाऊ लागतो, पिसं बदलतात. हंगाम सरला की सगळं पुन्हा आक्रसतं. उडणाऱ्याला बिनकामाचं ओझं वर्षभर वागवणं परवडत नाही.

पण कॅनडा कुठे आणि रत्नागिरी कुठे! आपण सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर. इथला सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून थोडा मोठा, सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडा मोठा. वर्षभराचा फरक दोन तासांचा. मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने वाढतो. एवढ्याशा फरकावर पक्षी हिशेब मांडू शकेल का, ही शंका बरीच वर्षं होती. १९९८मध्ये मिकाएला हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामाच्या जंगलातल्या एका छोट्या पक्ष्यावर प्रयोग करून दाखवलं की दिवस फक्त १७ मिनिटांनी वाढला तरी त्याचं शरीर विणीच्या तयारीला लागतं. त्या मानाने आपल्या कोकिळाच्या हाताशी तर दोन तास आहेत.

कुरवासारख्या स्थलांतर करणाऱ्यांकडे याच्या जोडीला आणखी एक घड्याळ असतं. जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी छोटे स्थलांतरी वटवटे वर्षानुवर्षं एकसारख्या उजेडात ठेवले, दिवस ना वाढतोय ना घटतोय. तरीही ते ठरावीक काळाने पिसं टाकत राहिले आणि निघायची वेळ झाली की पिंजऱ्यात रात्रभर तडफडत राहिले. फक्त त्यांचं वर्ष बारा महिन्यांशी जुळेना, हळूहळू सरकत गेलं. म्हणजे घड्याळ आतलंच, पण ते रोजच्या रोज सूर्यावर लावून घ्यावं लागतं. म्हणून भाट्याच्या किनाऱ्यावरचे चिखल्ये, हेही छोटे स्थलांतरी पक्षी, मार्चमध्ये छातीवर विटकरी पट्टा मिरवू लागतात आणि अधाशासारखे खातात. ते पुढच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी चढवत असतात. कुत्रं मागे लावून त्यांना उडवणाऱ्या पर्यटकांचा मला या दिवसांत विशेष राग येतो. प्रत्येक उड्डाणात साठवलेलं थोडं इंधन जळतं.

जाणाऱ्यांची ही घाई समुद्रावर चालू असते तेव्हा वाडीत राहणाऱ्यांची सुरू झालेली असते. पहाटे पाचला माडाच्या शेंड्यावरून दयाळ शीळ घालतो. थंडीत हाच पक्षी कुंपणाच्या कडेने मुकाट किडे टिपत असतो. गाणारा कोकिळ नर असतो हे आता शाळेतली पोरंही सांगतात. मला त्याहून गमतीची वाटते ती त्याची उधारीवरची वेळ. कोकिळा अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, तेव्हा स्वतःचं घड्याळ कितीही अचूक असलं तरी उपयोग नाही, ते कावळ्याच्या घड्याळाशी जुळायला हवं. आपल्याकडे कावळे काड्या जमवतात ते साधारण एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत. कोकिळ त्याआधीच घसा साफ करून बसलेला. शिवाय तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी उबून फुटतं, म्हणजे आलेला घास पहिला तिच्या पिल्लाच्या चोचीत. ‘पेर्ते व्हा’ म्हणत बसणारा पावशाही याच पंथातला, त्याचा यजमान सातभाई. पावशा पेरणीची आठवण करतो असं आपण म्हणतो. तो बोलावत असतो मादीला, पण शेतकऱ्याने त्याच्या वेळेवर स्वतःची वेळ लावून घेतली, त्यात चूक काहीच नाही.

या सगळ्यांत धाडस कुणाचं म्हणाल तर टिटवीचं. रत्नागिरीत चंपक मैदानाचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, एप्रिलच्या दुपारी चुलीवरच्या तव्यासारखा तापतो, कातळावर हात टेकवत नाही. त्याच कातळावर टिटवी चार अंडी घालते. घरटं म्हणजे थोडे खडे आणि खोलगट जागा. अंडी मातकट, वर काळपट ठिपके, टोकं आत वळवून अशी मांडलेली की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्ष्याच्या अंड्यातला जीव ३७-३८ अंशांना नीट वाढतो, चाळिशीच्या फार पुढे गेला तर मरतो. म्हणजे इथे अंडी उबवणं हे काम पहाटेपुरतं. दुपारी अंडी गार ठेवायची! त्यासाठी नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर उभी राहून स्वतःच्या अंगाची सावली धरतात. त्याने भागलं नाही तर एक जण पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसतो. पाणी निघून जाताना उष्णता घेऊन जातं, माठाचंच तत्त्व. एप्रिलमध्ये सड्यावर पाणी कुठलं? मी पाहिलेली टिटवी एका बंद पडलेल्या चिरेखाणीतल्या हिरव्या डबक्यावर जात होती, तासाभरात तीन खेपा झाल्या.

एवढा उपद्व्याप करून उन्हाळ्यातच का, तर तेव्हा सडा मोकळा असतो. गवत वाळलेलं, मुंगूस दुरून दिसतं. पावसात तीच जागा पाण्याखाली जाते आणि गवत गुडघाभर. रात्री टिटवी ओरडली की घरातली म्हातारी माणसं अजून ‘रामराम’ म्हणतात. तिच्या ओरडण्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की अंड्यांच्या दिशेने कोणीतरी चाललंय. ते कोणीतरी तुम्हीच असाल तर आल्या वाटेने मागे फिरा. फोटोसाठी ती दहा मिनिटं अंड्यांवरून उठून राहिली तर भर दुपारी अंडी वाया जायला तेवढी पुरतात.

ज्यांना पक्षी बघायला नुकती सुरुवात करायची आहे त्यांना मी सड्यावर पाठवत नाही. पांगारा किंवा काटेसावर शोधा आणि सकाळी सातला झाडापासून वीस पावलांवर बसा. या झाडांना तेव्हा पान नसतं, त्यामुळे पक्षी लपूच शकत नाही. फुलं लाल. मधमाशीला लाल रंग जवळपास दिसत नाही, पक्ष्याला उत्तम दिसतो, तेव्हा आमंत्रण कुणाला आहे हे उघड आहे. कोतवाल, बुलबुल, शिंजीर, हळद्या, तांबट, आणि नशीब असेल तर पळसमैनांचा अख्खा थवा, गुलाबी अंगाचा नि काळ्या डोक्याचा. नावातच पळस असलेली ही मैना आपल्याकडची नव्हे. एप्रिलमध्ये ती मध्य आशियात जाते, तिथे टोळ-नाकतोडे मुबलक असतात तेव्हा पिल्लं वाढवते. जाण्याआधी इथला मध पिऊन घेते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो गाणं-खाणं सोडून भांडायला येतो.

संगमेश्वर-देवरुखकडच्या जुन्या देवरायांत याच दिवसांत वेगळाच प्रकार चालू असतो. धनेशाला इकडे ककणेर म्हणतात. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड विष्ठा आणि फळांच्या चोथ्याने लिंपून घेते, आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत ती उडायची पिसंही गाळून टाकते. पुढचे काही आठवडे तिचा सगळा भार नरावर, तो घशात वड-उंबराची फळं भरून आणतो आणि एकेक काढून फटीतून देतो. काजऱ्याची फळंही त्याला चालतात. गर खातो आणि स्ट्रिक्नीन या विषाने भरलेली बी टाकून देतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली पन्नास वर्षांच्या झाडात सहसा सापडत नाही, त्यामुळे देवराईतला एक म्हातारा बेहडा तोडला की एका जोडप्याचं घर गेलं.

उजेडाचं शास्त्र ठाऊक झाल्यापासून मला रस्त्यावरच्या दिव्यांची धास्ती वाटू लागली आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी काळ्या कस्तुरांना रात्रभर अगदी मंद, ०.३ लक्स उजेडात ठेवलं. पौर्णिमेच्या चांदण्याच्या आसपासचा तो उजेड. त्यांची जननेंद्रियं अंधारात झोपणाऱ्यांपेक्षा जवळपास महिनाभर आधी तयार झाली. २०१३मध्ये हे प्रसिद्ध झालं. आमच्या आळीच्या तोंडाशी दोन वर्षांपूर्वी पांढरा एलईडी लागला. त्याच्या समोरच्या शेवग्यावरचा दयाळ हल्ली रात्री अडीचला गायला लागतो. त्याच्या अंगात काय चाललंय हे मी मोजलेलं नाही, पण त्याला आवाज द्यायला दुसरा दयाळ त्या वेळी जागा नसतो एवढं ऐकू येतं.

एप्रिलच्या मध्याला मिरकरवाड्याचं आभाळ रिकामं होतं. मेमध्ये भाट्याच्या वाळूवर मात्र चार-दोन कुरव अजून रेंगाळत असतात, डोकी मळकट, टोपी अर्धीमुर्धी. आजारी म्हणून मागे राहिले असतील असं मला पूर्वी वाटायचं. बहुतेक ते गेल्या वर्षी जन्मलेले असतात. विणीचं वय झालेलं नाही, त्यामुळे यंदा लडाखला जाण्याचं कामच नाही. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “होय तर, शाळेतली पोरां. रवांदे हयसरच.”