कंपनीनं उत्पादन थांबवलं म्हणजे टीव्हीचा डबा बंद पडतो का?

जळगाव-धुळ्याकडे दुकानात गेलं की हमखास ऐकू येतं, ‘हाऊ डबा आते भंगार, कंपनीनी बंद करी टाका.’ टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारा गूगलचा डबा म्हणजे क्रोमकास्ट; त्याच्याबद्दल तर हे फारच पसरलंय. घरातला चालू डबा केवळ या भीतीनं बदलायला लावणं मला चुकीचं वाटतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलनं जाहीर केलं ते एवढंच, की क्रोमकास्टचं उत्पादन थांबतंय आणि त्याच्या जागी गूगल टीव्ही स्ट्रीमर येतोय. विकलेले डबे त्यामुळे बंद पडले नाहीत.

मग मार्च २०२५ मध्ये २०१५ चे क्रोमकास्ट जगभर अडकले, ते कशानं? डबा खरा आहे हे पटवणाऱ्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलनं काही दिवसांत अपडेट पाठवून ते सुरू केले. त्या दिवसांत घाईनं फॅक्टरी रीसेट करणाऱ्यांना, म्हणजे सगळं पुसून डबा नव्यासारखा करणाऱ्यांना, मात्र जास्त त्रास झाला.

डबा खरा जुना होतो तो ॲप साथ सोडतात तेव्हा. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स रोकू नावाच्या काही जुन्या डब्यांवर बंद झालं, आणि रोकू कंपनी तर जोरात चालू होती! उलट एनव्हिडिया कंपनीच्या २०१५ च्या शील्ड या डब्याला वर्षानुवर्षं अपडेट मिळत राहिले.

नवा घ्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडा. गूगल टीव्हीच्या डब्यात तिथे सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीख दिसते. ती अलीकडची असेल आणि रोजची ॲप चालत असतील, तर दुकानदाराला सरळ ‘नको भाऊ’ म्हणा.