मार खाल्ल्यावर पाढा का आठवत नाही?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत पालक-शिक्षक संघाच्या सभेला गेलो होतो. एक वडील उठून म्हणाले, "बाई, ऐकला नाही तर द्या दोन ठेवून. आम्हीही मार खाऊनच शिकलो." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यांचा तिसरीतला मुलगा शेजारी बसून शर्टाचं खालचं बटण पिळत होता. भर सभेत मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय.

मार बसला की मेंदूतला बदामाएवढा अमिग्डला धोक्याची वर्दी देतो. काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. खरी गोष्ट पुढे आहे. मेंदूतलाच हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्याने पियुषिका ग्रंथी जागी होऊन एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. या साखळीला वेळ लागतो. कॉर्टिसॉल शिगेला पोचायला साधारण 20 ते 30 मिनिटं जातात. ते मेदात विरघळतं, त्यामुळे मेंदूत सहज शिरतं आणि हिप्पोकॅम्पस या आठवणी सांभाळणाऱ्या भागातल्या दोन प्रकारच्या रिसेप्टरांना, म्हणजे संप्रेरक जिथे बसतं त्या जागांना, चिकटतं. पहिला प्रकार थोड्याशा कॉर्टिसॉलनेच भरतो. दुसरा भरू लागतो तो पातळी चढल्यावर, आणि मग आधी साठवलेलं बाहेर काढणं अडतं.

1998 साली डॉमिनिक द केर्वें आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्याखाली लपवलेल्या फळीची जागा शिकवली. परीक्षेच्या 2 मिनिटं किंवा 4 तास आधी पायांना विजेचा झटका दिला, तरी उंदरांना जागा आठवली. 30 मिनिटं आधी दिला, तेव्हा ते चुकले. ताणाचं संप्रेरक तयार होणंच औषधाने रोखलं, तेव्हा झटका बसूनही ते चुकले नाहीत! उंदरांवरून मुलांचं सगळं ठरत नाही, हे खरं. पण 2000 साली प्रौढ माणसांना कॉर्टिसोनची (शरीरात त्याचं कॉर्टिसॉल होतं) गोळी दिली, तेव्हा आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द त्यांनाही कमी आठवले.

आता पहिल्या तासाला थप्पड खाल्लेलं पोर दुसऱ्या तासाला फळ्यापाशी उभं आहे, हातात खडू, आणि सातचा पाढा येत नाही. त्याला 'ढ' म्हणून पुन्हा मारतात.

असं मूल रात्री दचकून उठलं की घरात मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढतात. मला याचा मनापासून राग येतो. मिरचीच्या धुराने कॉर्टिसॉल उतरत नाही. वर्गात काय झालं, ते आधी त्याला जवळ घेऊन विचारा.

मुलं एकमेकांना छळतात, तेव्हाही शरीरात हेच घडतं. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवरच्या चित्रीकरणात दिसलं की दुसरं मूल मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांत थांबला.

गोव्याच्या 2003 च्या बाल कायद्याने शाळेत मारण्यावर बंदी आहे, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 देशभर तेच सांगतं. मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे.

सभा संपल्यावर त्या वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरांची पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची, अजून आठवते." कशाबद्दल बसायची, विचारलं. गणित की शुद्धलेखन, ते त्यांना आठवेना.