व्हाल मारी : गुराख्यांचे गाव आणि गवताचे राष्ट्रीय उद्यान

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अमेरिकेच्या सीमेजवळ, फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात व्हाल मारी हे गाव आहे. 2016 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम सव्वाशे भरली. तरीही कॅनडात गवताळ प्रदेशाच्या संवर्धनाची चर्चा निघाली की या गावाचे नाव येतेच, कारण ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार हेच. उद्यान आणि गाव यांचे संबंध आज बरे दिसतात, पण ते सुरुवातीपासून तसे नव्हते.

या भागाची जमीन नांगराला साथ देणारी नाही, हे 1857 ते 1860 दरम्यानच्या ब्रिटिश पाहणी मोहिमेनेच नोंदवले होते. त्याआधी हजारो वर्षे मूळ रहिवासी रानगव्यांच्या (बायसनच्या) मागावर इथे फिरत होते. रानगवे संपले, मोठ्या गोठेवाल्यांची गुरे आली आणि 1906-07 च्या हिवाळ्यात त्यातली बरीचशी गारठून व उपासमारीने मेली. नंतर सरकारने 10 डॉलर शुल्कात 160 एकर देण्याच्या योजनेखाली हा भाग वसवायला काढला. 1910 च्या सुमारास फ्रेंच भाषक कॅथलिक कुटुंबे आली, 1920 च्या दशकात रेल्वेचा फाटा आला आणि 1926 मध्ये व्हाल मारीला गावाचा कायदेशीर दर्जा मिळाला. पुढच्याच दशकात दुष्काळ पडला. 1935 साली केंद्राने प्रेअरीच्या, म्हणजे या सपाट गवताळ प्रदेशाच्या, पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून फ्रेंचमन नदीचे पाणी अडवून कालवे काढले गेले आणि नांगरून वाया गेलेल्या जमिनींवर पुन्हा गवत लावून सामायिक कुरणे उभी राहिली. गाव तगले ते या पाण्यावर आणि कुरणांवर.

उद्यानाची कल्पना 1957 मध्ये प्रांतातल्या निसर्गप्रेमींनी मांडली. केंद्र आणि प्रांत यांच्यात करार व्हायला 1981 उजाडले. तेल, वायू आणि नदीच्या पाण्यावरच्या हक्कांवरून तो अडला आणि 1988 मध्ये नव्याने करावा लागला. जमीन सक्तीने घ्यायची नाही, जो स्वखुशीने विकेल त्याच्याकडूनच घ्यायची, असे ठरले. ही अट न्याय्य होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण इथल्या पशुपालकाची स्वतःच्या मालकीची जमीन थोडी असते, बाकी सगळा पसारा प्रांताकडून भाडेपट्ट्यावर घेतलेल्या कुरणांचा असतो. एका कुटुंबाने विकायचे ठरवले की तो सगळा पसारा उद्यानाकडे जाऊन चराईतून बाद व्हायचा. शिवाय ते कुटुंब गेले की शाळेतली मुले कमी होणार, दुकानाचे गिऱ्हाईक कमी होणार. विकणारा खुशीने विकत होता, मागे राहणाऱ्यांना मात्र कोणी विचारत नव्हते.

सर्वांत जास्त खटकला तो गुरे हटवण्याचा निर्णय. उद्यानात आलेल्या जमिनीवरची चराई बंद झाली. निसर्ग राखायचा तर पाळीव जनावरे बाहेर, हा त्या काळच्या संवर्धनाचा सरधोपट नियम होता. पण हे गवत शिल्लक राहिले होते ते इथल्या पशुपालकांनी ते नांगरले नाही म्हणूनच. आजूबाजूचा बहुतेक प्रेअरी गव्हाखाली गेला असताना ज्यांनी तो राखला, त्यांनाच धोका ठरवणे अन्यायाचे होते आणि शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचे. मिश्र गवताचा हा प्रदेश चरणाऱ्या कळपांबरोबरच घडलेला आहे. चराई थांबली की वाळलेल्या गवताचा थर साचत जातो, आणि आखूड गवत लागणाऱ्या पक्ष्यांना व कृष्णपुच्छ प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांना ते सोयीचे नसते. संपूर्ण कॅनडात हे प्रेअरी डॉग रानात फक्त याच परिसरात उरले आहेत.

पुढे धोरण बदलले. डिसेंबर 2005 मध्ये अल्बर्टातून 71 रानगवे आणले गेले आणि 2006 मध्ये ते पश्चिम भागात मोकळे सोडले. पूर्व भागात 2008 पासून गुरांच्या चराईचा अभ्यास सुरू झाला. या गवताला चराई लागते, हे गावातले जुनेजाणते जे वर्षानुवर्षे सांगत होते, ते उद्यानाच्या कागदपत्रांत यायला सुमारे वीस वर्षे लागली.

दरम्यान गावाचे जुने आधार सुटत होते. 1897 पासून चालत आलेली धान्य वाहतुकीच्या दरातली सवलत 1995 मध्ये पूर्ण संपली. एकेकाळी प्रांतात लाकडी एलिव्हेटरांची, म्हणजे रेल्वेत भरण्यासाठी धान्य साठवणाऱ्या उंच कोठारांची, संख्या तीन हजारांहून जास्त होती, त्यातले बहुसंख्य पाडले गेले आणि छोटे रेल्वे फाटे बंद पडले. व्हाल मारीतले रूळ गेले, पण एलिव्हेटर गावकऱ्यांनी वारसा म्हणून वाचवला. जुन्या विटांच्या शाळेत संग्रहालय झाले, कॅथलिक जोगिणींच्या (नन) मठात पाहुण्यांची सोय झाली. 2009 मध्ये उद्यानाला काळोख्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाल्यावर तारे पाहायला येणारेही वाढले. उन्हाळ्यात त्याने गावाला हातभार लागतो. वर्षभराचे पोट मात्र अजून गुरांवरच आहे.

म्हणूनच 2012 मध्ये केंद्राने सामायिक कुरणांचा कार्यक्रम गुंडाळण्याचे जाहीर केले तेव्हा इथे अस्वस्थता पसरली. सेज ग्राऊस या दुर्मीळ पक्ष्याच्या संरक्षणासाठी 2013 मध्ये काढलेल्या तातडीच्या आदेशाने तिच्यात भरच पडली. पाठोपाठ आलेल्या या दोन निर्णयांत एक विसंगती आहे : ज्या कुरणांच्या देखभालीतून सरकार अंग काढून घेत होते, त्याच प्रकारच्या कुरणांवर नवी बंधने येत होती. कुरणे टप्प्याटप्प्याने प्रांताकडे आणि तिथून बहुतांशी वापरकर्त्या पशुपालकांच्या गटांकडे गेली, त्यामुळे कुंपण, पाणवठे आणि तणनियंत्रण यांचा खर्च आता त्यांच्यावर आहे. दुर्मीळ पक्ष्यांसाठी गवत राखण्याचा मोबदला त्यांना मिळावा, ही मागणी तिथूनच आली आहे, आणि ती रास्त आहे.