‘पटिभान’: संघातल्या प्रतिभेचा जुना प्रश्न

पालि साहित्यात प्रतिभेला ‘पटिभान’ म्हणतात. बौद्ध साधना आणि कलावंताची महत्त्वाकांक्षा यांचे नाते तपासायचे, तर या एका शब्दाचा माग काढला तरी बरेच काही हाती लागते. श्रामणेराच्या, म्हणजे नवदीक्षित भिक्षूच्या, दहा शीलांपैकी सातवे नृत्य, गीत आणि वादन यांपासून दूर राहण्याचे आहे. तेवढ्यावरून संघाला कलेचे वावडे होते असा समज होतो, पण तो अपुरा आहे.

विनयपिटक म्हणजे संघाच्या नियमांचा ग्रंथ; त्यातील चुल्लवग्ग या भागात काही भिक्षू धम्म लांबवलेल्या गायकी सुरात म्हणू लागल्याचा प्रसंग येतो. बुद्धांनी त्यात पाच दोष दाखवले: म्हणणारा स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होतो, ऐकणारेही होतात, गृहस्थ नावे ठेवतात, सुराची कारागिरी साधण्याच्या नादात समाधी भंगते आणि पुढची पिढी तेच गिरवते. यांतला चौथा दोष आजच्या गवयालाही ओळखीचा वाटेल. त्याच ठिकाणी स्वरात पठण करण्याची, म्हणजे ‘सरभञ्ञा’ची, परवानगीही दिलेली आहे.

बुद्धांचे कवी शिष्य, स्थविर (ज्येष्ठ भिक्षू) वंगीस यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. संयुत्तनिकाय या पालि सुत्तसंग्रहात त्यांच्या नावाने बारा सुत्ते (उपदेशपर प्रकरणे) आहेत. ‘कावेय्यमत्ता विचरिम्ह पुब्बे, गामा गामं पुरा पुरं’, म्हणजे काव्याच्या धुंदीत आम्ही पूर्वी गावोगाव, नगरोनगर हिंडलो, असे ते स्वतःच सांगतात. चीवर अंगावर आले तरी ती धुंदी पुरती उतरली नव्हती. पटिभानाच्या जोरावर आपण इतर शीलवान भिक्षूंना कमी लेखतो आहोत, हे लक्षात येताच त्यांनी स्वतःलाच ‘मान (गर्व) सोड’ असे बजावणाऱ्या गाथा रचल्या; गर्वावरचा उपायही त्यांना काव्यातच सापडला, हे विशेष. जेतवनात साडेबाराशे भिक्षूंसमोर त्यांनी गाथा म्हटल्या, तेव्हा या आधी योजून ठेवल्या होत्या की आत्ताच सुचल्या, असे बुद्धांनी विचारले. आत्ताच सुचल्या हे उत्तर ऐकून, अशाच आणखी सुचू देत, असे ते म्हणाले. पटिभानवंतांत वंगीस अग्रगण्य, असा त्यांचा गौरव अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात आहे.

हाच शब्द भिंतींच्या संदर्भातही येतो. विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृतींचे ‘पटिभानचित्त’, म्हणजे प्रतिभेने रंगवलेले चित्र, काढू नये, फुलामाळांची आणि वेलबुट्टीची नक्षी चालेल, असा चुल्लवग्गाचा नियम आहे. अजिंठ्यात छतांवर ही नक्षी भरपूर आहे, पण भिंती माणसांनी गजबजलेल्या आहेत. सर्व बौद्ध पंथांचा विनय, म्हणजे नियमसंग्रह, एकसारखा नव्हता: मूलसर्वास्तिवाद या पंथाचा विनय तर विहाराच्या द्वारमंडपात भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे चित्र, रंगवायला सांगतो, आणि लेणे क्रमांक 17 च्या ओसरीत त्याचा काही भाग अजून दिसतो. लेणे क्रमांक 16 च्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे, 26 मध्ये भिक्षू बुद्धभद्राचे आहे. ही लेणी कोरवून घेणाऱ्यांची नावे झाली. रंगवणाऱ्या हातांची नावे तिथे नाहीत.