मुरूम आणि ऑक्सिडेटिव्ह ताण
त्वचेवरील तेलाचे ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनशी संयोग) होऊन मुरूम (तारुण्यपीटिका) उठण्यास व चिघळण्यास हातभार लावणारी प्रक्रिया. शरीरात तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजन रेणू आणि त्यांना आवर घालणारी द्रव्ये यांचा तोल सुटला, की हा ताण येतो. डब्यातले शेंगदाणा तेल उन्हाळ्यात खवट होते, हे खान्देशात घरोघरी ठाऊक आहे. चेहऱ्यावर घडते ते त्याच जातीचे रसायन.

तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या तेलात (सीबम) सुमारे १२ टक्के स्क्वालीन हे स्निग्ध द्रव्य असते. त्याच्या रेणूत सहा दुहेरी बंध असल्याने ऑक्सिजन त्याला चटकन गाठतो. उन्हातील अतिनील किरण ही क्रिया आणखी वाढवतात. यातून बनणारे पेरॉक्साइड सशाच्या कानाला लावल्यावर तेथील रंध्रे बुजल्याचे प्रयोगांत दिसले आहे. रंध्र बुजले की तेल आत तुंबते आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू फोफावतो. त्याच्यावर धावून आलेल्या पांढऱ्या पेशीही क्रियाशील ऑक्सिजन सोडतात, मग आसपासची त्वचा लाल होऊन ठणकते. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. तो रंग मेलॅनिन या त्वचेतील रंगद्रव्याचा आणि ऑक्सिडीकरण झालेल्या तेलाचा. घासून ते जात नाहीत, उलट त्वचा सोलवटते.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे मोकळे ठेवून चेहऱ्याला ओढणी गुंडाळतात. ऊन अडते हे खरे, पण घामट, न धुतलेली ओढणी दिवसभर घासत राहिली तर हनुवटी व गालांवर पुटकुळ्या वाढू शकतात. घरातली मंडळी मात्र ‘हीट वाढली’ म्हणून तिखटाला दोष देतात. तिखटाचा संबंध सिद्ध नाही. फार गोड व मैद्याचे पदार्थ यांच्याबाबतचा पुरावा त्याहून बरा आहे.

ई जीवनसत्त्व सीबमबरोबरच त्वचेवर येते आणि स्क्वालीनला राखते. ते खर्ची पडल्यावर क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावते. खान्देशी भरितातल्या शेंगदाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे ८ मिलिग्रॅम ई असते. क साठी पेरू आणि आवळा उत्तम. जळगावचे केळे यात मागेच. हिरव्या मिरचीत क भरपूर असते, पण नंदुरबारच्या पथारीवर वाळताना त्यातले बरेचसे जाते.

मुरूम असलेल्यांच्या रक्तात ई व अ जीवनसत्त्वे कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र कमतरता हेच कारण, असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि गोळ्यांचा पुरावाही तोकडाच आहे. ब-१२ च्या इंजेक्शनांनी तर काहींना मुरूमच उठतात. आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध १९८२ पासून वापरात आहे, पण त्याचा मुख्य गुण तैलग्रंथी आक्रसवण्याचा. गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य. गर्भात गंभीर व्यंग येते.

मुरमावरचे नेहमीचे मलम, बेंझॉइल पेरॉक्साइड, स्वतःच ऑक्सिडीकारक आहे आणि त्याच बळावर जंतू मारते. रात्री लावून झोपल्यास उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तो यामुळेच.