गोठलेली लस: शीतसाखळीतला न दिसणारा दोष

लस तापली की वाया जाते, हे आरोग्य खात्यात शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांना पाठ असते. कित्येक लसी गोठल्या तरीही वाया जातात, हे मात्र प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतच राहते. विकसनशील देशांच्या लसीकरणात हे दुसरे नुकसान मोठे आहे आणि ते लवकर उघडकीस येत नाही, कारण गोठून पुन्हा वितळलेली कुपी वरवर पाहता चांगल्या कुपीसारखीच दिसते. बाळाला इंजेक्शन दिले जाते, कार्डावर नोंद होते, मासिक अहवालातला आकडा वाढतो. संरक्षण मात्र अपुरे राहते.

लस जितकी थंड तितकी बरी, या सवयीची मुळे जुनी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा यादीत क्षयरोग, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर हे सहा आजार होते. त्यातले पोलिओचे थेंब आणि गोवरची लस उष्णतेला फार नाजूक. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या मनात एकच सूत्र पक्के बसले: बर्फ कमी पडता कामा नये. घटसर्प-धनुर्वाताच्या लसींना गोठणे तेव्हाही चालत नव्हते. पुढे हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) अशा लसी आल्या. या थोडीफार उष्णता सोसतात, पण गोठणे अजिबात नाही. लसी बदलत गेल्या, बर्फाची सवय मात्र तशीच राहिली.

या लसींमध्ये प्रतिजन, म्हणजे शरीराला रोगजंतूची ओळख करून देणारा घटक, ॲल्युमिनियमच्या क्षारांच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटलेला असतो. कुपीतले पाणी गोठू लागले की बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर रेटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. लस वितळल्यावर गुठळ्या सुटत नाहीत आणि लशीचा प्रभाव घटतो. हिपॅटायटिस बीची लस सुमारे उणे ०.५ अंश सेल्सियसला गोठते. लस साठवायची मर्यादा २ ते ८ अंश आहे. म्हणजे खालच्या बाजूला हाताशी असलेली सवलत जेमतेम अडीच अंशांची.

हे घडते कुठे? पहिले ठिकाण म्हणजे फ्रीज. उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून थर्मोस्टॅट सर्वांत थंड खुणेवर फिरवला जातो आणि हवामान बदलले तरी तिथेच राहतो. मग रात्री आतले तापमान शून्याखाली उतरते. बर्फाचे अस्तर असलेला, वरून उघडणारा फ्रीज, म्हणजे आयएलआर (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर), हा यासाठी बराच चांगला: थंड हवा जड असते, झाकण उघडले तरी ती आतच राहते, आणि दिवसाला ८ तास वीज मिळाली तरी त्याचे काम भागते. पण जुन्या बनावटीच्या आयएलआरमध्ये तळ सर्वांत थंड असतो. त्यामुळे कुपी टोपलीतच ठेवायला हव्यात. जागा कमी पडली की टोपली काढून खोकी थेट तळाशी रचली जातात आणि गोठण्याला चालत नाही अशीच लस सर्वांत थंड जागी जाते. घरगुती फ्रीजमध्ये धोका आणखी मोठा आहे, कारण फ्रीझरला किंवा मागच्या भिंतीला टेकलेली कुपी केव्हाही गोठू शकते.

दुसरे ठिकाण लसवाहक पेटी. सत्राच्या दिवशी सकाळी डीप फ्रीझरमधून आइसपॅक काढायचे, पेटीत चारी बाजूंनी लावायचे, मध्ये लस ठेवायची आणि निघायचे, अशी घाई सगळीकडे दिसते. डीप फ्रीझरमधला पॅक उणे २० अंशांच्या आसपास असतो. असा पॅक शेजारच्या कुपीला तासाभरात गोठवू शकतो. म्हणून पॅक आधी कंडिशन करावे लागतात. ते टेबलावर एका ओळीत, मध्ये चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून मांडायचे आणि थोडा बर्फ वितळू द्यायचा. मग प्रत्येक पॅक कानाजवळ धरून हलवायचा. आत पाणी खळखळले आणि बर्फ सुटा हलला, तर तो तयार. बर्फ आणि पाणी एकत्र असतात तोवर तापमान शून्यावर थबकते, त्याखाली जात नाही. गरम खोलीत हे अर्ध्या तासात होते, थंड हवेत दोन तासही लागतात. सकाळी आठला सत्र सुरू करायचे आणि केंद्र सातला उघडायचे, असे वेळापत्रक जिथे आखले जाते, तिथे ही पायरी गाळली जाणारच. तिचा दोष आरोग्यसेविकेच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. पहाटे दोन तास आधी केंद्रावर कोण असेल, हे आधी ठरवायला हवे.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यास-आढाव्यात, साठवणुकीच्या काळात शिफारशीपेक्षा कमी तापमान लागण्याचे प्रमाण गरीब देशांत सुमारे ३७ टक्के आणि श्रीमंत देशांत ३३ टक्के आढळले. दोघांतले अंतर किती कमी आहे बघा! महागडी यंत्रे घेतली की प्रश्न सुटतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

कुपीवरच्या खुणेवर विसंबूनही चालत नाही. १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर व्हीव्हीएम नावाची खूण येऊ लागली: एका वर्तुळात चौकोन, उष्णतेने हळूहळू गडद होणारा. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यायची. ही फार उपयुक्त युक्ती आहे, पण ती फक्त उष्णता मोजते. गोठून वितळलेल्या कुपीवर चौकोन फिकटच दिसतो आणि कर्मचारी निर्धास्त होतो.

गोठल्याची शंका आली तर शेक टेस्ट करावी. संशयित कुपीच्याच उत्पादकाची आणि त्याच लॉटची (एकाच वेळी बनवलेल्या साठ्यातली) एक कुपी घ्यायची, तिच्यावर ‘गोठवलेली’ असे ठळक लिहायचे, रात्रभर डीप फ्रीझरमध्ये घट्ट गोठवायची आणि मग खोलीच्या तापमानाला आपोआप वितळू द्यायची. दोन्ही कुप्या एकाच हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवायच्या आणि उजेडासमोर सपाट जागी ठेवून जास्तीत जास्त ३० मिनिटे पाहत राहायचे. गोठवलेल्या कुपीत गाळ झरझर खाली बसतो आणि वर निवळ पाणी दिसते. संशयित कुपीतला गाळ तितक्याच किंवा जास्त वेगाने बसला, तर तो साठा बाद. मुद्दाम गोठवलेली कुपी चाचणी संपताच नष्ट करावी, नाहीतर ती चुकून वापरात जाते. जी कुपी डोळ्यांसमोर गोठलेली दिसते, तिची चाचणी करत बसू नये, ती थेट टाकावी. ज्या लसीत ॲल्युमिनियम नाही, तिला ही चाचणी लागू पडत नाही.

तापमानाची वही बहुतेक केंद्रांत असते. दिवसातून दोनदा वाचन, आणि पानेच्या पाने ‘४, ४, ५, ४’. पहाटे तीनची घसरण त्यात कधीच उतरत नाही. ३० दिवसांच्या तापमानाची आपोआप नोंद ठेवणारे लॉगर नावाचे छोटे यंत्र ती पकडते: उणे ०.५ किंवा त्याखाली सलग ६० मिनिटे, अथवा ८ अंशांच्या वर सलग १० तास गेले की ते इशारा देते. पण तो इशारा ऐकून करायचे काय? थर्मोस्टॅट बदलायला तंत्रज्ञ लागतो, त्याला प्रवासाचा खर्च लागतो, सुटा भाग लागतो. परदेशी मदतीतून फ्रीज मिळतो, दुरुस्तीचा खर्च मात्र दरवर्षीच्या सरकारी तरतुदीतून काढावा लागतो आणि कपात आली की पहिली कात्री त्यालाच लागते. सौर फ्रीजचेही असेच झाले. जुन्या नमुन्यांच्या बॅटऱ्या काही वर्षांत निकामी होत आणि नव्या आणायला पैसे नसत. बॅटरीऐवजी बर्फातच थंडावा साठवणारे नवे नमुने त्या अनुभवातून आले.

पावडर स्वरूपातल्या गोवरच्या लसीची गोष्ट याहून गंभीर आहे. ती गोठली तरी बिघडत नाही, पण द्रावक (पावडर विरघळवायचा द्रव) मिसळला की ६ तासांत संपवावी किंवा टाकावी लागते, कारण तिच्यात जंतू वाढू शकतात. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब भागात द्रावकाच्या जागी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि १५ मुले दगावली. मे २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये लस मिसळायला एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली, लसही थंड ठेवलेली नव्हती. तिथेही १५ मुलांचा जीव गेला. दोन्हीकडे लशीत खोट नव्हती. म्हणूनच इतर कोणतेही औषध लसीच्या फ्रीजमध्ये ठेवायचे नाही, या नियमाला अपवाद करू नये.

आइसपॅक कंडिशन न करताही लस गोठणार नाही, अशा लसवाहक पेट्या आता मिळतात. पॅक आणि लस यांच्यामध्ये त्यांत आणखी एक थर असतो, म्हणून त्या जड असतात आणि पायी जाणाऱ्या कर्मचाऱ्याला ते वजन जाणवते. नव्या पेट्या येईपर्यंत पाहणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने तीन गोष्टी बघाव्यात: लॉगरमध्ये गेल्या ३० दिवसांत किती इशारे आले, निघायच्या तयारीत असलेल्या पेटीतला पॅक हलवल्यावर खळखळतो का, आणि फ्रीजमध्ये लस-द्रावकाशिवाय दुसरे काही ठेवले आहे का. रजिस्टर त्यानंतर उघडावे.